मंगळवारची फेरी

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे. वाचते आणि मनातल्या मनात खोडून काढते — इथे वाऱ्याने दार वाजलं असेल, तिथे माणूस अर्धवट झोपेत असेल. सवयच आहे मला. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा, गंडे-दोरे, अंगात येणं, भूतबाधा, सगळं एका दिवसात बंद केलं. माहेरीही तेच वातावरण. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायची माझ्याकडे सोयच नव्हती. आजही नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण त्या दिवशी माझ्याबरोबर जे होते ते माझे दीर मागच्या हिवाळ्यात गेले, आणि आता ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले.

गोष्ट बालाघाटची. साल एकाहत्तर किंवा बहात्तर, भर पावसाळा. आमचं घर गावातच, बुधवारी नावाच्या वस्तीत — दोन खोल्या, मागे न्हाणी, बाजूला पत्र्याची पडवी. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. आमचे हे सरकारी कुष्ठरोग विभागात होते. डॉक्टर नव्हे... गावोगाव फिरून रोगी शोधायचे, गोळ्या द्यायच्या, जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या, हे काम. बैहरकडच्या जंगलातली गावं त्यांच्याकडे. बाकीचे लोक सायकलने, बसने जायचे. ह्यांनी मात्र फटफटी घेतली.

ती साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतल्या एका ओव्हरसियरकडून घेतलेली. बदली झाली म्हणून तो विकून गेला. घरी आली तेव्हा तिचा रंगही धड नव्हता. ह्यांनी सहा महिने तिच्यावर जीव लावला. लोहाराकडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या बसवून घेतल्या — डावीत गोळ्या आणि रजिस्टर, उजवीत पट्ट्या, कापूस, औषधाच्या बाटल्या. दोन्हींना कुलपं. पुढे पावसापासून प्लास्टिकची काच, मागे कॅरिअरवर अंथरुणाची वळकटी बांधायला पट्टे, पेट्रोलचा जादा डबा. हँडल बदलून रुंद केलं, म्हणजे दिवसभर चालवून खांदे दुखायला नकोत. आणि स्प्रिंगची मागची सीट काढून तिथे लांब, मऊ सीट बसवली. तिला टेकायला लोखंडी नळीची पाठही केली.

"गोळ्यांच्या पेट्यांले पाठ टेकाले लागते का?" मी विचारलं होतं.

"हे तुह्यासाठी आहे," ते म्हणाले. "सांचीले जाऊ आपण. सिवनी, छिंदवाडा, भोपाळ... चार दिवसांत आरामात पोचतो. रस्त्यात जिथं वाटलं तिथं थांबाचं."

दर वर्षी दिवाळीनंतर जायचं ठरे. दर वर्षी कुठल्या तरी गावात नवे रोगी सापडत. त्या सीटवर बसून मी वारासिवनीच्या पुढे कधी गेले नाही.

त्यांच्या कामाबद्दल खरं सांगायचं तर... मला ते आवडत नसे. रोगाची भीती वाटायची. घरी आले की आधी न्हाणीत हात धुवा, मग आत या, असं माझं असे. ते हसून ऐकायचे. मी एवढंच करायची की जुनी पातळं धुऊन, उकळून पट्ट्या फाडून द्यायची. सरकारी पट्टी कधीच पुरत नसे. आणि प्रत्येक मंगळवारी त्या पट्ट्यांमधला मोठा वाटा फगनीबाईला जायचा.

फगनीबाई म्हणजे उकव्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावातली गोंड म्हातारी. गावाचं नाव लिहीत नाही, तिच्या घरचे लोक असतील अजून. गावाने तिला टोकाच्या झोपडीत ठेवलं होतं. तिच्या उजव्या पायाला मोठी जखम होती. बधिर पाय, दुखणं कळायचं नाही, म्हणून जखम वाढत राही. हे घरी आले की जेवताना त्या पायाचीच गोष्ट. आज कडा चांगल्या दिसल्या, आज पुन्हा पाणी सुटलं. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "माह्या पायाले काटा लागला तर पाहाल का इतकं?"

त्या बुधवारी ते दुपारीच परत आले. डोळे लाल, अंगात थरथर. गाडी स्टँडवर लावायचीही ताकद नव्हती. मीच ती ढकलत पडवीत नेली आणि ताडपत्री टाकली. संध्याकाळी माझे दीर, प्रल्हाद भाऊजी, आले. ते पलीकडच्या गल्लीत राहायचे, तहसीलमध्ये कारकून होते. ह्यांनी अंथरुणातूनच मला म्हटलं, "पट्ट्या संपल्या आहेत, मंगळवारले लागतीन." म्हणून मी माझं हिरव्या काठाचं जुनं पातळ काढलं. भाऊजींनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दोघांनी ते फाडलं. त्या पातळाला पदराजवळ निखाऱ्याने भोक पडलं होतं. मी ते लाल दोऱ्याने रफू केलं होतं, हिरवा दोरा घरात नव्हता म्हणून. भाऊजी म्हणाले, "हे रफूवालं कशाले देता? टोचन ना." मी म्हटलं, "राहू द्या, चालते." पट्ट्यांचं बोचकं बांधून मी उजव्या पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. गाडीची आणि पेट्यांची किल्ली एकाच कडीत असे. ती माझ्या ट्रंकेत टाकली.

इतकं बारीक का सांगते आहे ते पुढे कळेल.

गुरुवारी त्यांना दवाखान्यात नेलं. मलेरिया मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी जे शक्य होतं ते केलं, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. तीन दिवस मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. बडबड सगळी कामाची — नाला भरला असेल, रजिस्टर भिजेल, मंगळवार चुकेल. "मंगळवार चुकते न व..." हे तर कितीदा. मी म्हणायची, "अहो, मी आहे, शांता." ते माझ्याकडे बघायचे, आणि पुन्हा मंगळवार.

रविवारी सकाळी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. मी पडवीकडे जातच नव्हते. ऑफिसातून निरोप आला की नवा माणूस यायला वेळ लागेल, औषधं जमा करा. भाऊजी म्हणाले, "जमा करून का होते? पेटीत पडून राहतीन. दादाचे लोक गोळ्यांची वाट पाहत असतीन. मी सुट्टी काढतो, तीन-चार गावात वाटून येतो."

मी म्हटलं, "मी येते."

सासूबाईंनी नको म्हटलं. अशा दिवसांत बाईने गाडीवर बसून जंगलात जायचं? पण सासरे म्हणाले, "जाऊ द्या तिले." तेवढंच बोलले.

तो गुरुवार होता. ह्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मी ट्रंकेतून किल्ली काढून दिली, भाऊजींनी ताडपत्री काढली. ती गाडी पावसात चार दिवस उभी राहिली तरी दहा-बारा किका घेतल्याशिवाय सुरू होत नसे, गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजींनी टाकीजवळच्या मीटरचा काटा मधोमध आणून पहिलीच किक मारली आणि ती सुरू झाली. "गुणाची झाली," एवढंच ते म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष त्या नळीच्या पाठीकडे होतं. चार वर्षांनी मी पहिल्यांदा तिला टेकून लांब निघाले होते, आणि पुढे बसलेली पाठ दुसऱ्याची होती.

घाट चढलो. पाऊस थांबलेला, साल-सागवानातून पाणी ठिबकत होतं. दोन गावं केली. लोक गोळ्या घेऊन उभे राहायचे, काही जण रडले. दुपारी उकवा ओलांडून कच्च्या वाटेने फगनीबाईच्या गावी पोचलो.

ती झोपडीबाहेर खाटेवर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून हसत उठायला लागली, मग भाऊजींना बघून थबकली.

"साहब नहीं आए?"

भाऊजींना सांगवेना. ते म्हणाले, "हम उनके भाई हैं. पट्टी कर देते हैं, पैर दिखाओ."

"पट्टी तो हो गई," ती म्हणाली. "परों साहब कर गए न."

परों म्हणजे परवा. भाऊजींना वाटलं म्हातारी दिवस विसरली. ते समजावून म्हणाले, "बाई, वो तो पहले की बात होगी. पंधरा दिन पहले की."

"नहीं भैया. पिछले मंगल नहीं आए. मैं रास्ता देखती रही. ये मंगल को आए. येई गाड़ी में."

आणि तिने पाय पुढे केला.

पट्टी कोरी होती. एक-दोन दिवसांचीच. व्यवस्थित, घोट्यावर आडवी गाठ मारलेली, ह्यांची असायची तशी. काठ हिरवा. आणि घोट्याच्या जरा वर, लाल दोऱ्याचं रफू.

मी खाली बसले. भाऊजी वाकून त्या रफूकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. ते उठले, गाडीला लावलेली किल्ली काढली आणि सकाळपासून न उघडलेली उजवी पेटी उघडली. कुलूप शाबूत होतं. आत बोचकं होतं, पण मी बांधलेलं तसं नव्हतं. सैल झालं होतं, आणि वरच्या पट्ट्या कमी झालेल्या दिसत होत्या.

शेजारच्या अंगणात एक माणूस दोर वळत बसला होता. भाऊजींनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "फटफटी की आवाज तो आई थी मंगल को. हम भीतर थे, देखा नहीं."

शेवटी भाऊजींनी फगनीबाईला सांगितलं की साहेब रविवारी, अकरा दिवसांपूर्वी, वारले. ती ऐकत राहिली. रडली नाही. गाडीकडे बघून हळूच म्हणाली, "तो फिर काहे आए बिचारे, इतनी दूर."

मी तिच्याजवळ सरकले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासारख्या कुणाचा हात धरला. तिची बोटं झडलेली होती. मी विचारलं, "कुछ बोले?"

"बोले, पैर दिखा. धोए, बाँधे. पानी पिए. बोले, गोली टैम पे खाना."

"और?"

"जल्दी में थे, बाई."

"मेरे बारे में... घर के बारे में कुछ?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, एवढं मला त्या नजरेत दिसलं. एखादा शब्द तिने जोडून दिला असता तर मी तो जन्मभर जपला असता. पण ती खोटं बोलली नाही. तिने नुसती मान हलवली.

परतताना घाटात भाऊजींनी गाडी थांबवली, कारण मागे माझं रडणं थांबत नव्हतं. ते दगडावर बसले आणि जंगलाकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, हे घरी नोका सांगू. बाबा म्हणतीन, आपल्या घरात हेच उरलं होतं का."

"हौ," मी म्हटलं.

"पण पातळ त मीच फाडलं होतं तुमच्यासंगं. बुधवारी. हौ ना?"

"हौ."

"दादा त उठलाच नाही त्याच्यानंतर."

त्या दोन-तीन वाक्यांपलीकडे आम्ही यावर कधी बोललो नाही. पन्नास वर्षांत नाही.

पुढचं थोडक्यात. त्यानंतरचे कितीतरी मंगळवार मी पडवीत त्या गाडीजवळ बसून काढले. ताडपत्री काढून, सीट पुसून. इंजिनावर हात ठेवून बघायची. थंडच असायचं. काही झालं नाही, कुणी आलं नाही. वर्षभराने लांजीच्या एका माणसाला गाडी विकली. मी गोंदियाला नर्सबाईचं ट्रेनिंग घेतलं आणि पुढे नोकरीभर, इतर कामांबरोबर, अशा लोकांच्या जखमाही धुतल्या. फगनीबाईचा पाय नव्या माणसाच्या हातून भरून आला असं ऐकलं. मी पुन्हा तिच्याकडे गेले नाही. धीर झाला नाही असं नाही... मला तिचा राग यायचा, आणि त्या रागाची लाज वाटायची.

मी सगळे मार्ग तपासले आहेत. किल्ली माझ्या ट्रंकेतून कुणी काढली असेल? घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, मान्य. पण कोण ती गाडी घेऊन घाट चढून एका म्हातारीचा पाय बांधायला जाईल आणि गुपचूप आणून ठेवेल? त्या घरात असं कुणी नव्हतं. दुःखात माझ्या आठवणींचा घोळ झाला असेल? मग तो भाऊजींचाही झाला, आणि फगनीबाईचाही. एका ओळखीच्या डॉक्टरांना हे दुसऱ्या कुणाचं म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, मंगळवारचं वेड म्हणजे कामाशी निष्ठा, लोकांना असे भास होतात. भासाला हिरवा काठ असतो का, ते मी विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला याचं उत्तर सुचलं तर जरूर लिहा. पण माझा प्रश्न ते तिथे कसे गेले हा नाही राहिला. ते गेले असतील. त्यांना जाऊ शकण्यासारखा एकच दिवस मिळाला असेल, आणि तो त्यांनी जिथे गरज होती तिथे घालवला, हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. ते पटतंही. तरी सकाळी चहा घेताना, एकटी असले की, आजही तोंडून निघून जातं —

माह्याकडे काहून नाही आले?