साडूभाऊंची ओली गाडी

लातूर जिल्ह्यावर आजवर जेवढा पाऊस पडला असेल, त्याच्या दुप्पट माझ्या साडूंनी एकट्यानं पाडलेला आहे. तोही गावातल्या केबलवर, संध्याकाळी सात वाजता, कडक इस्त्रीचा सफारी घालून. खरा पाऊस बिचारा वर्षातून चारदा तोंड दाखवायचा आणि वाट चुकल्यासारखा निघून जायचा. साडूंचा रोज असायचा.

मूळचे ते कापडवाले. एका अप्पांच्या दुकानात वीस वर्षं गादीवर बसून त्यांनी लुगडी उलगडली. अप्पांच्या पुतण्यानं केबल काढली आणि त्याला न थकता बोलणारा माणूस हवा झाला, तेव्हा साडू गादीवरून उठले ते हवामान सांगायला थेट नकाशासमोर उभे राहिले. हाताची सवय मात्र गेली नाही. ढग ते असा झटकून पसरायचे की बघणाऱ्या बाईनं पुढं होऊन पोत चाचपावा. "हा बगा निलंग्याकडचा माल. अंगभर काळा, काठाला जरा पांढरा. दिसायला भारी हाय, पण एका धुण्यात रंग जाणार, आधीच सांगतो." नकाशा कुठल्याशा शाळेतून आणलेला, इतका जुना की त्यात लातूर अजून उस्मानाबादच्या पोटातच होतं. जिल्हा होऊन दहा वर्षं उलटली तरी नवा नकाशा कुणी आणेना. शेवटी साडूंनी अक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, कुंकवानं स्वतःच हद्द आखली. हात जरा सैल सुटला आणि नांदेडचं मुखेड लातुरात आलं. मुखेडच्या एका पाहुण्यानं तक्रार केली, तर म्हणाले, "राहू द्या की. दुष्काळ तिकडंबी हाय, इकडंबी हाय. इथं निदान रोज तुमचं नाव तरी निघतंय."

छंदही सगळे पाण्याचेच. दुष्काळात ते गल्लीतल्या छत्र्या दुरुस्त करत बसायचे. एवढ्या धडधाकट छत्र्या कोकणातसुद्धा नसतील. गच्चीवर पाऊस मोजायला एक काचेची बरणी ठेवलेली. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी वैतागून अक्कांनी तिच्यात लोणचं घातलं. तरी साडू रोज सकाळी पातळी बघून वहीत लिहायचे, 'काल एक बोट घट.'

पण त्यांचं खरं यंत्र नांदेडजवळच्या मुदखेडला होतं. तिथल्या स्टेशनाबाहेर त्यांचा चुलतभाऊ चहाचा गाडा चालवायचा. आदिलाबादकडून येणारी गाडी ओली आली की तो फोन करायचा. जो पाऊस गाडी भिजवतो तो दुसऱ्या दिवशी लातूर गाठतो, हा साडूंचा सिद्धांत. गाडीला रूळ लागतात, पावसाला तेही लागत नाहीत, मग अडचण काय, असं ते मलाच विचारायचे.

त्या तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी फोन आला. "दादा, गाडी टपापासून चाकापर्यंत ओली येऊन राहिली. पाणी गळून राहिलंय नुसतं."

त्या संध्याकाळी साडूंनी अख्खं आभाळ नकाशावर पसरलं. "उद्या दुपारी," ते म्हणाले, "माझी गॅरंटी." वीस वर्षं दुकानात काढून हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नव्हता. आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा आणि पाळी नेमकी दुसऱ्या दिवशी होती. पलीकडच्या गल्लीत लग्न होतं. आभाळच दारात येणार म्हटल्यावर टँकर कशाला, असं म्हणून आमच्या बायकांनी मोठ्या मनानं पाळी लग्नघराला देऊन टाकली.

दुपार झाली. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं लखलखीत. चुलतभावाचा पुन्हा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. कुणी बडे साहेब तपासणीला यायचे म्हणून गाडी धुऊन काढली होती.

वीस घरं आणि आठ दिवस. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी ओट्यावर रिकामी घागर घेऊन बसल्या होत्या. चिडल्या नाहीत. "बाबा," त्या साडूंना म्हणाल्या, "तू रोज सांगतूस तवा आमी हसतो. काल हसलो न्हाई, एवढंच चुकलं."

अप्पांच्या दुकानात पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' सात वाजता साडू नकाशापुढं उभे राहिले, हात खालीच ठेवले आणि म्हणाले, "काल मी जे आभाळ दाखवलं, तो माल खराब निघाला. मी परत घेतो. सकाळी घागरी दारात ठेवा."

पुढचे आठ दिवस त्यांची लुना औशाच्या रस्त्यावरच्या एका ओळखीच्या विहिरीवर पहाटेपासून खेपा घालत होती. दोन्ही बाजूंना कॅन, मध्ये साडू, अंगात तोच सफारी. लुनेनं एवढं पाणी वाहिलं की तिला पात्र खोदून दिलं असतं तर नकाशावर निळ्या रेघेनं दाखवावी लागली असती. घागर ते स्वतः भरायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आठव्या दिवशी मावशींनी त्याच घागरीतला तांब्या त्यांच्यापुढं धरला. "पी आधी. अन् सांग, आज काय म्हणतंय तुझं आभाळ?"

साडूंनी तांब्या रिकामा केला. "ढग हायत, मावशी. पण पाणी भरून ठेवा."

पुढं केबल बंद पडेपर्यंत रोजच्या बातमीचं शेवटचं वाक्य तेच राहिलं. आता हवामान ज्याच्या त्याच्या खिशात आलंय. मावशी गेल्या, अक्का गेल्या. साडू मुदखेडला लेकीकडं असतात आणि संध्याकाळी काठी टेकत स्टेशनावर जातात. अधूनमधून मला फोन येतो. "साडूभाऊ, ओली हाय. हात लावून बघितलं. अन् विचारूनबी आलो, धुतलेली न्हाई."

इकडं टळटळीत ऊन असतं आणि गच्चीवर बायकोच्या कुरडया वाळत असतात. मी फोन ठेवतो, कुरडया आत आणतो आणि नळाखाली घागर लावतो. दोन्हीतलं एक तर कामी येतंच. पण आधी कुरडया आणतो.