उचला तुमचे धोंडे

दगडांनी भरलेली लॉरी दारात उभी राहिली, तेव्हा कलसोम मासळीचे पापड वाळत घालत होती.

"मावशी, नशीब उघडलं तुमचं," लॉरीतून उतरलेला सरकारी साहेब हसत म्हणाला. "तुमच्या घरापुढे भिंत बांधतोय. आता लाट आत येणार नाही."

"आणि शेजारच्या दोल्लाहच्या घरात?"

साहेबाने लॉरीवाल्याला दगड उतरवायची खूण केली. कलसोमचं टाळकं सरकलं. मलेशियातल्या केलांतानच्या या किनाऱ्यावर तिची साठ वर्षं गेली होती. वर्षअखेरची वादळं वाळू ओढून न्यायची आणि एप्रिलनंतरच्या शांत लाटा ती परत आणून टाकायच्या. मग नदीच्या मुखाशी दगडी बांध घातला गेला. किनाऱ्याने वाहत येणारी वाळू बांधापलीकडेच अडली आणि अलीकडचा किनारा दरवर्षी खचत गेला.

"एक बांध घालून माझं अंगण घालवलंत. आता माझ्या भिंतीला आपटून लाट दोल्लाहकडे वळेल आणि त्याचं घर खाईल. हे पाप माझ्या दारात आणताय होय रे मेल्यांनो? उचला तुमचे धोंडे!"

ती लॉरीपुढे फतकल मारून बसली, ती दुपारपर्यंत हलली नाही. शेवटी लॉरीच माघारी फिरली.

जानेवारीच्या वादळात तिचं स्वयंपाकघर वाहून गेलं. तेव्हा दोल्लाहने गावातली चाळीस माणसं जमवली आणि त्यांनी तिचं उरलेलं लाकडी घर खांद्यावर उचलून आत नारळीच्या बागेत नेलं. कलसोम पुढे चालत होती, आणि वाटभर त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.