सायलेन्सरवरचं फडकं

माझे वडील पाचोऱ्याला डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही. गाडी गॅरेजसमोर उभी राहिली की नाना बॉनेट उघडायच्या आधी मागे जायचे, सायलेन्सरच्या तोंडावर पांढरं फडकं धरायचे आणि ड्रायव्हरला रेस द्यायला सांगायचे. मग ते फडकं उन्हात पसरून बघायचे आणि वाकून धुराचा एक लांब वास घ्यायचे. झालं निदान. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, नाहीतर नोझल गळतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. त्यांचं नाक चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी रसायनशास्त्र शिकले आणि जळगावच्या एका शाळेत शिकवायला लागले. हायड्रोकार्बनचा धडा माझा फार लाडका. फळ्यावर इंधन आणि ऑक्सिजन लिहायचं, बाणापलीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. किती स्वच्छ दिसतं ते! ऑक्सिजन अपुरा पडला तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी तयार होते, ही पुढची ओळ मी परीक्षेपुरती सांगून मोकळी व्हायचे.

एका वर्षी मला भारी हुशारी सुचली. नानांनाच वर्गापुढे उभं करायचं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, टेम्पोत एक जुनं इंजिन टाकून आले. मैदानात त्यांनी ते सुरू केलं आणि हवा आत जाते तिथे फळकुट दाबून धरलं. भकाभक काळा धूर निघाला.

"दखा, हाऊ काया धूर शे ना, म्हणजे बठ्ठं डिझेल जयनं नही," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळं डिझेल जळलं नाही की धूर काळा येतो. मग नेहमीसारखे वाकले आणि छाती भरून वास घेतला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. बापाचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

काजळीचे बारीक कण छातीत खोल उतरतात आणि तिथेच ठाण मांडतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. गॅरेजसमोरच्या कडुनिंबाचं पान चोळलं की बोट काळं व्हायचं. तसली पानं मी वर्गात नेऊन प्रदूषण समजावायचे. पान दिसलं मला, त्या झाडाखाली उभा असलेला बाप दिसला नाही. माझ्या शिक्षणाची अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी नानांना जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "बाबा, बिड्या किती ओढता?"

नाना भडकले. "मना तोंडमा आजपर्यंत बिडी गई नही!"

मग मी त्यांचा धंदा सांगितला. डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले आणि लिहीत राहिले.

मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरायचं. नाना तिथूनही उस्तादी करायचे. "फिल्टर साफ कर, पोरी," म्हणायचे. मी हसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

एका सकाळी खोकल्याची मोठी उबळ आली. हाताला आलं ते पांढरं फडकं मी त्यांच्या तोंडाशी धरलं. उबळ थांबल्यावर त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं, खिडकीतल्या उन्हात पसरलं आणि जन्मभर बघत आले तसे बघत राहिले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मग त्यांनी घडी घातली आणि फडकं उशीखाली सारलं.

"काय दिसलं, नाना?"

"काही नही. साफ शे."

मी "बरं" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले.

पंधरवड्यात नाना गेले. उशीचा अभ्रा काढताना ते फडकं हाती आलं. मी उन्हात नेऊन उलगडलं. मधोमध काळे डाग होते, आणि ते वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी मैदानात टाळ्या वाजवण्याऐवजी मी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढायला हवं होतं.