लेकुरआईचा शेंदूर

इतिहासाचं वेड उकंडरावाला कुठून लागलं, देव जाणे. घरात सातबारा सोडला तर जुना कागद नव्हता. पण हा पठ्ठ्या सोयाबीनमध्ये डवरा हाणता हाणता मध्येच थांबायचा, मातीतून एखादं खापर उचलायचा, फुंकर मारायचा अन् उन्हात धरून बघत बसायचा. बैलं आपली उभी. बांधावरून बायको ओरडायची, "अवो, त्या खापराला शेंगा लागणार हायती का?" पुसेगावच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून विचारायची, "काय उकंडराव, घावला का हंडा?" हंडा! जुनं शोधणारा माणूस सोन्यासाठीच शोधतो, याच्यापलीकडं यांचं डोकं चालेल तर शपथ. उकंडराव हसण्यावारी न्यायचा, पण आतून जळायचा. अख्ख्या गावात असं एक माणूस नव्हतं, ज्याच्यापाशी बसून खापराबद्दल चार शब्द बोलावेत.

म्हणून हिंगोलीचे बंडोपंत भेटले तेव्हा त्याला हाती चंद्र आल्यासारखं झालं. बंडोपंत म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. मोडी घडाघडा वाचायचे आणि बोलायला लागले की कीर्तन रंगल्यासारखं वाटायचं. हट्टा गावच्या बारवेच्या पायऱ्यांवर दोघांची गाठ पडली. बंडोपंतांनी 'इतिहासवेडे' नावाची मंडळी जमवली होती. दर रविवारी कुठलं तरी जुनं देऊळ, कुठली तरी बारव, कुठं लढाईत मेलेल्या वीराचा कोरलेला दगड बघायला जायचं. त्यांनी उकंडरावाला ग्रुपात घेतलं आणि पन्नाशीला आलेला हा माणूस लेकरासारखा रविवारची वाट बघायला लागला.

पण खरं बोलायचं तर त्या मंडळीत उकंडराव म्हणजे गाडी. पिकअप त्याचा, डिझेल त्याचं, भाकरी अन् ठेचा त्याच्या घरचा. चर्चा रंगात आली की कुणीतरी म्हणायचं, "उकंडराव, जरा पाण्याचं बघता का?" तो पाणी घेऊन येईस्तोवर चर्चा उरकलेली. अपूर्व नावाचा तरुण वकील त्याला 'काका' म्हणायचा. पण हॉटेलात चहा मागवताना म्हणतात ना, तसलं ते काका. ज्याच्या त्याच्या नावावर काही ना काही शोध होता. उकंडरावाच्या नावावर ठेचा. त्याला जन्मात एकदाच, फक्त एकदा, बंडोपंतांच्या तोंडून ऐकायचं होतं, "हे आमच्या उकंडरावांनी शोधलं."

आणि शोध तर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभा होता. गावाबाहेर लिंबाखाली लेकुरआई. शेंदराचा थरावर थर चढून नुसता लाल गोळा झालेला कंबरभर दगड. मूल होत नसलेल्या, मूल जगत नसलेल्या बाया तिला नवस बोलायच्या. उकंडरावाच्या आधीची दोन लेकरं गेली होती. हा जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, मंजुळाबाईनं, त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवून उचललं, दृष्ट लागू नये म्हणून नावही तसलंच ठेवलं आणि लेकुरआईच्या पायाशी आणून घातलं. तेव्हापासून आजपावेतो म्हातारीचा मंगळवार चुकला नाही. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर घ्यायची आणि दगडावर हात फिरवून यायची.

एवढ्या शेंदराखाली काहीतरी कोरलेलं असणारच. हे उकंडरावाच्या मनात आलं आणि त्याचा घासच गोड लागेना. बंडोपंत येऊन बघून गेले, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "सतीशिळा असावी. खाली अक्षरंही असतील. काढलं पाहिजे हो हे." बंडोपंत 'काढलं पाहिजे' म्हणाले, मग उकंडरावाला कोण थांबवणार!

थांबवलं फक्त मंजुळाबाईनं. "नगं," एवढंच म्हणाली.

"अगं माय, देवीचं खरं रूप दिसंल. लोकं लांबून येतील."

"नगं म्हनले ना."

"काहून नगं? काही कारन सांगशील का न्हाई?"

म्हातारी उठली आणि शेळीला पाला टाकायला गेली. उकंडरावानं कपाळाला हात लावला. अडाणीपणा, दुसरं काय! मग त्यानं सरळ सरपंच मुंजाजीला गाठलं. देवी प्राचीन निघाली तर तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळेल, निधी येईल, रस्ता होईल, असं काय काय सांगितलं. रस्त्याचं नाव काढल्यावर मुंजाजी कशाला नाही म्हणतोय? गावानं मान डोलावली. म्हातारीला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

रविवारी इतिहासवेडे आले. लाकडी पटाशा, कुंचले, पांढरे हातमोजे. अपूर्वनं फोन तिवईवर लावला. गाव तर लग्नाला जमावं तसं जमलं. तरण्या बाया ओटीची ताटं घेऊन उभ्या राहिल्या, कारण आईचं मूळ रूप दिसणार होतं. बंडोपंतांनी पटाशी लावली, शेंदराचा वीतभर पपडा सुटला आणि वर सूर्य-चंद्र दिसले. बायांनी हात जोडले. मग अक्षरांच्या ओळी दिसल्या. बंडोपंत ओळींवरून बोट फिरवायला लागले, उकंडरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग खालचा मोठा पपडा एकदम गळून पडला.

खाली बाई होती. तिच्यावर गाढव होतं. कोरणाऱ्यानं काही म्हणजे काही झाकून ठेवलं नव्हतं.

मागं पोरं फिसकली. बायांनी तोंडं फिरवली. आणि बंडोपंतांनी आनंदानं टाळी वाजवली! "गधेगाळ! अहो, गधेगाळ आहे ही! पूर्वी राजानं जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. जो कोणी हे दान मोडील, त्याच्या आईची अशी गत होईल. दगडात कोरलेली शिवी आहे ही, शिवी!"

"वा काका," अपूर्व फोनमागून ओरडला, "लेकरं देणारी देवी ती हीच का?"

सगळी मंडळी खो खो हसली. बंडोपंतांनी उकंडरावाच्या खांद्यावर हात टाकला, फोनकडं तोंड केलं आणि म्हणाले, "आणि हे आमच्या उकंडरावांनी शोधलं."

झालं! ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते वाक्य कानावर पडलं. उकंडरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि तोही हसला. लाज वाटून नव्हे बरं का, मनापासून हसला, मान मागं टाकून, त्यांच्यातला एक होऊन. हसता हसता मान वळवली तर बायांच्या घोळक्यात मंजुळाबाई. नको नको म्हणणारी म्हातारी आली होती. तिनं दगडाकडं बघितलंच नाही. ती याच्याकडं बघत होती. मग वळली आणि घराकडं चालू लागली.

अपूर्वनं काढलेलं चित्रण दुसऱ्या दिवशी जिल्हाभर फिरलं. कळमनुरीच्या बाजारात गावच्या माणसाला पोरं विचारायला लागली, "काय पाव्हणं, गाढवाला नवस बोलता व्हय?" नवसाचं लेकरू कडेवर घेऊन बाहेर पडायची सोय राहिली नाही. बाया त्या वाटेनं जायच्या बंद झाल्या. मुंजाजीनं उकंडरावाला चावडीपुढं उभं करून आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि दगड विहिरीत ढकलायचं ठरवलं. उकंडरावानं घाबरून बंडोपंतांना फोन लावला. "अहो, तुम्ही गावचे, तुम्हीच समजवा त्यांना," पंत म्हणाले, "आम्ही बाहेरची माणसं काय बोलणार?" त्याच आठवड्यात अपूर्वचा लेख छापून आला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'स्थानिक शेतकरी उकंडराव यांचे सहकार्य लाभले.' सहकार्य म्हणे! आणि हा येडा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसला.

घरात म्हातारी त्याला ताट वाढायची, पण बोलायची नाही. पुढच्या मंगळवारी ऊन उतरल्यावर ती घरात दिसेना म्हणून तो लिंबाखाली गेला. दगड विहिरीत जायचा अजून बाकी होता अन् मंजुळाबाई त्याच्यापुढं बसली होती. शेंदूर लावून राहिली होती. पण वरच्या सूर्य-चंद्राला नाही, अक्षरांनाही नाही. नुसतं त्या बाईच्या अंगावर.

उकंडराव शेजारी उकिडवा बसला. "माय, ती देवी न्हाई वं."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मी नवी नवरी व्हते. त्या साली पावसानं पपडा गळाला व्हता. सासूनं भल्या पहाटं मला हितं आणलं, दाखिवलं अन् म्हनली, बाई हाय, कुन्या मेल्यानं अशी करून ठिवली. आपुन झाकायची. दर मंगळवारी हात फिरवायचा अन् बाप्या माणसापाशी बोलायचं न्हाई. तिला तिच्या सासूनं सांगितलं व्हतं."

"समद्या बायांला ठावं व्हतं?"

"जुन्या समद्यांला."

"अन् मंग तिलाच लेकरं मागत व्हता?"

मंजुळाबाईचा हात थांबला नाही. "तिची लाज आमी राखली. आमचं लेकरू तिनं राखावं. दुसऱ्या कुनाला मागावं, ज्यानं ते कोरलं त्याला?"

उकंडराव मनातल्या मनात पिढ्या मोजायला लागला. सासूनं सुनेला, सुनेनं तिच्या सुनेला, किती पिढ्यांपासून कोण जाणे! हे कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या ताम्रपटात नाही. बंडोपंतांना कळलं तर ते खुर्चीवरून उठून उभे राहतील. अपूर्वचा लेख याच्यापुढं काय आहे? कचरा! त्याचा हात आपोआप खिशात गेला. फोन निघाला, बटण दाबलं गेलं.

"माय," तो आर्जवानं म्हणाला, "हे पुन्यांदा एकदा सांग. सुरुवातीपासून. अन् जरा हिकडं बघून सांग."

मंजुळाबाईनं वर पाहिलं. आधी फोनकडं, मग त्याच्याकडं. मग लाल झालेल्या हातानंच पदर ओढून तिनं आपलं तोंड झाकून घेतलं.