पोळ्याला जन्मलेली

शिवकन्याताई आमच्या धारूरच्या कॉलेजात मराठी शिकवतात. ऊसतोड बायकांच्या ओव्यांवर परदेशात संशोधन करायला त्यांनी सरकारी अनुदान मागितलं होतं. परवा नकार आला. वय अटीपेक्षा वर्षभरानं जास्त भरलं.

ताई लहान असताना आई-बाप ऊस तोडायला कारखान्याला निघाले, तेव्हा पोरगी मागं राहून शिकावी म्हणून गावच्या गुरुजींनी वय वाढवून, एक जून तारीख टाकून शाळेत घेतलं होतं.

त्यांची आई बायनाबाई म्हणाली, "आगं, तू पोळ्याला झालीस. मी सांगते की सायबाला!"

"आई, सायब पोळा धरत न्हाईत."

संध्याकाळी माझ्यासमोरच त्याच गुरुजींचा फोन आला; त्यांना नकाराचं ठाऊक नव्हतं. "कधी निघायचं, पोरी?"

"देव नेईल तेव्हा, गुरुजी," एवढंच ताई बोलल्या; तारखेचं नाव काढलं नाही.

ताईंना न नेणाऱ्या त्या देवापुढं त्या दिवशी मला हात जोडवेनात.