डेलमारची वेगळीच शेकोटी

स्कोग्लुंड, डेलमार. वय वर्षे एकाहत्तर. राहणार टॅमरॅक, मिनेसोटा. जिल्हा रस्ते विभागातून बर्फ हटवणाऱ्या गाडीचे चालक म्हणून निवृत्त. धर्म लुथरन ख्रिस्ती, स्वभाव तसाच, मोजकं बोलणारा. पत्नी एक, व्हर्ना. बहीण एक, आर्डिस. ती कोणाच्याही ताब्यात नाही. स्थावर मालमत्ता: तळ्याकाठी एकमजली घर. त्यात बैठकीच्या खोलीची पूर्वेकडील भिंत संपूर्ण व्यापणारी विटांची शेकोटी, मालकाने स्वहस्ते बांधलेली, चालू स्थितीत.

घराची पाहणी करायला आलेल्या सरकारी माणसाने एवढंच नोंदवलं, आणि त्याला दोष देता येत नाही. रूपासाठी त्याच्या कागदावर रकाना नव्हता.

जुन्या शाळेची बॉयलरखोली पाडली तेव्हा तिच्या विटा फुकट मिळत होत्या. फुकट का, हे कोणी विचारलं नाही. आदल्या दिवशीची उरलेली कलेजी खाटकाकडे ज्या रंगाची दिसते, त्या रंगाच्या त्या विटा. डेलमारने एका उन्हाळ्यात त्या जमिनीपासून छतापर्यंत चढवल्या. दोन विटांमधून सिमेंट असं बाहेर आलं होतं, की बिस्किटातून दाबलेलं क्रीम वाटावं. डेलमारकडे ओळंबा होता. तो वापरला होता की नाही, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

आमच्याकडे वाईट कोणी बोलतच नाही. एखादी गोष्ट आवडली नाही, तर माणूस ती जरा वेळ बघतो आणि म्हणतो, "वेगळंच आहे, हं." फारच भयंकर असेल, तर हेच म्हणून वर कॉफी मागतो. त्या शेकोटीसमोर गावाने आजवर पुष्कळ कॉफी प्यायली.

एकटी व्हर्ना पहिल्या दिवशी म्हणाली होती, "किती सुंदर!" आणि तिने डोळे पुसले होते.

"दुसरं काय म्हणणार होते?" तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. "सगळी बोटं फुटली होती त्याची. चमचा धरता येत नव्हता. अशा वेळी खरं कोण बोलतं?"

तिने उपाय शोधला तो नाताळाचा. शेकोटीवर मुलांसाठी लोकरी मोजे टांगतात, तसे तिने आपल्या दोन मुलांचे विणून टांगले. मग कुत्र्याचा एक. मग सुनांचे, नातवंडांचे, पाद्रीबुवांचा. मी समोर राहतो, एवढ्या पुण्याईवर माझाही एक. कुत्रा वारला, पण त्याचा मोजा राहिला, कारण तो काढला असता तर चार विटा उघड्या पडल्या असत्या. पुढेपुढे हे मोजे ईस्टरपर्यंत उतरेनासे झाले.

यंदा मार्चमध्ये एका सकाळी व्हर्ना माझ्या दारात आली. तळं अजून गोठलेलं होतं, पण बर्फावर मासे धरायला ठेवलेल्या खोपट्या हलवायची मुदत जवळ आली होती, आणि डेलमार त्याच कामावर गेला होता. व्हर्नाच्या हातात चुन्याची बादली होती, मागे कुंचे घेऊन आर्डिस.

"शिडी हवी आहे," व्हर्ना म्हणाली.

"कशाला?"

"शेकोटी पांढरी करायची आहे. तो नाही तोवर. समोरासमोर सांगायचं मला नाही जमणार."

"तो काय म्हणेल?"

"काहीच म्हणणार नाही. तीच तर भीती आहे. स्वतःच्या हाताने बांधलीय रे त्याने. मनाला लागलं तर वर्षभर गॅरेजमध्ये बसेल." तिने बादली खाली ठेवली. "तसं झालं तर घासून काढीन सगळं."

"चुना घासून निघत नाही," आर्डिस म्हणाली.

"मग मी तुझ्याकडे राहायला येईन."

"थांब, तसं असेल तर घासायला मी येते."

आम्ही कामाला लागलो. आधी मोजे उतरवले. त्यातच बराच वेळ गेला. मग विटा ओल्या करायच्या, पातळ चुन्याचा हात द्यायचा आणि तो वाळायच्या आत फडक्याने थोडा पुसायचा, म्हणजे खालची वीट धुक्यातून दिसावी तशी दिसते. निम्मी भिंत झाली तेव्हा आम्ही तिघंही मागे सरून उभे राहिलो. खोली मोठी झाली होती. खिडकीतला उजेड पहिल्यांदाच पूर्वेच्या भिंतीपर्यंत पोचून तिथे थांबला होता. एरवी तो तिथे गिळला जायचा.

"अगं बाई," व्हर्ना हळूच म्हणाली आणि हसायलाच लागली.

तेवढ्यात अंगणात डेलमारची गाडी वाजली. खोपटी बर्फात घट्ट रुतली होती आणि तो पहार घरी विसरला होता.

तो बूट न काढता आत आला. आमच्या गावात हे फक्त आग लागल्यावर करतात. त्याने भिंत बघितली. पांढरा अर्धा भाग, मग कलेजी अर्धा भाग. मग शिडीवरच्या व्हर्नाला बघितलं.

"वेगळीच दिसतेय, हं," तो म्हणाला.

व्हर्नाच्या हातातला कुंचा खाली पडला. डेलमार वळला आणि गॅरेजमध्ये गेला.

"डेल!" आर्डिस ओरडली. "शिव्या द्यायच्या असतील तर इथे येऊन दे. गॅरेजमध्ये कोण ऐकणार?"

व्हर्ना शिडीवरून उतरली, फडकं बुडवून पिळलं आणि ओल्या चुन्यावर जोरजोरात घासायला लागली. आर्डिसने तिचं मनगट धरलं. पलीकडे काहीतरी ओढल्याचा, आपटल्याचा आवाज होत होता.

डेलमार पाठमोरा आत आला तो एक लाकडी तुळई ओढत. जुन्या गोठ्याची, जाडजूड, रंध्याने इतकी गुळगुळीत केलेली की तिच्यावरून हात फिरवावासा वाटावा. तुळईवर रंगाचा एक डबा ठेवला होता. त्याने झाकण उचकटलं. आतला पांढरा रंग दगड झाला होता.

"तू तुझ्या बहिणीकडे डलुथला गेलीस की करणार होतो," तो म्हणाला. "तू जातच नाहीस."

"म्हणून दरवर्षी मागे लागायचास? जा की, चार दिवस राहून ये, म्हणून?"

"मग कशासाठी?"

"मला वाटायचं, तुला माझा कंटाळा आलाय!"

"तुझा नाही," डेलमार म्हणाला आणि भिंतीकडे बोट केलं. "हिचा."

"तुला आवडत नाही ती?"

"डोळे आहेत मला, व्हर्ना."

"मग इतकी वर्षं ठेवलीस कशाला?"

"अख्खं गाव वेगळी आहे, वेगळी आहे म्हणत होतं. तू एकटी सुंदर म्हणालीस. रडलीस पण. आणि वर ते मोजे! आवडल्याशिवाय कोणी एवढं सजवतं का?"

"सजवत नव्हते, येड्या! झाकत होते!"

डेलमार खाली बसला, तुळईवरच. आधी त्याचे नुसतेच खांदे हलत होते. गेल्या पंचवीस वर्षांत त्याला मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं. आवाज साधारण त्याच्या बर्फगाडीसारखाच होता, सुरू व्हायला वेळ आणि मग थांबेना. व्हर्ना चुन्याच्या हातांनीच त्याच्या पाठीत गुद्दे मारत होती. त्याच्या कोटावर तिच्या मुठींचे पांढरे ठसे अजून आहेत, तो धुवायला देत नाही.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वेगळी आहे म्हणून," आर्डिस म्हणाली. "माझं या घरात कोणी ऐकतच नाही."

उरलेली अर्धी भिंत डेलमारने केली. तुळई शेकोटीच्या तोंडावर फळीसारखी बसवताना त्याने ओळंबा लावला, आणि तो लावत असल्याचं आम्हा सगळ्यांना दिसेल असं बघितलं. खोपटी दुसऱ्या दिवशी काढली. मोजे व्हर्नाने ज्याचे त्याला घरपोच केले. कुत्र्याचा मात्र डेलमारने ठेवून घेतला. तुळईवर तो एकटाच लटकतो.

रविवारी चर्चमधून सगळे तडक तिकडेच आले. एकेकाने भिंतीवरून हात फिरवून पाहिला. खऱ्या कौतुकाची कोणाला सवय नव्हती. शेवटी पाद्रीबुवा म्हणाले, "वाईट नाही."

यापलीकडे आमच्याकडे कौतुक नाही. डेलमारचे कान लाल झाले. व्हर्ना उगीचच कॉफी आणायला आत गेली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"मग, पेटवायची का?" पाद्रीबुवांनी हात चोळत विचारलं. ते गावात नवीन होते, दहाच वर्षं झाली होती.

"नको," नवराबायको एकदमच म्हणाली.

ती आजवर एकदाच पेटवली आहे. त्या दिवशी आगीचा बंब आला होता.