गजकर्णाचे शुभेच्छुक

पिंपळे सौदागरच्या एका गाळ्यात त्वचारोगाच्या इंग्रजी त्रैमासिकाचं ऑफिस होतं, आणि ते ऑफिस म्हणजे एकटा बुद्धरत्न. बाप चाकणच्या कंपनीत शिफ्टा करून वाकला होता. पोराला एसीतली खुर्ची मिळाली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले.

आता त्या खुर्चीवरच संक्रांत आली. दुसऱ्या मासिकांतले डॉक्टर आपल्या लेखांचा हवाला किती वेळा देतात, त्यावर मासिकाची पत ठरते. करोनात फुगलेला हा आकडा उतरणीला लागला होता. संपादिका डॉ. उत्कर्षा मॅडमनी साफ सांगितलं, "यंदाही पडला तर अंक बंद. मग तुझंही अवघड आहे रे."

बुद्धरत्नचं धाबं दणाणलं. शेजारच्या गाळ्यात पुनावळ्याचा ओंकार वाढदिवसांचे फ्लेक्स छापायचा. बुद्धरत्नचं रडगाणं ऐकून त्याने मांडीवर थाप मारली.

"आरं, हे तर शुभेच्छुकांचे फोटो हायत! तू माझ्या फ्लेक्सवर, मी तुझ्या. न्हाईतर गावात कोण कुणाला वळखतंय, भावा?"

बुद्धरत्नला हे भलतंच पटलं. त्याने हाडांच्या मासिकातल्या रश्मीला फोन लावला. तीही त्याच्यासारखीच लेखकांना मेल धाडणारी, आणि तिचाही आकडा घसरलेला. दोघांनी आपापल्या लेखकांना गोड शब्दांत कळवलं, अमुक मासिकाचे हवाले जोडा, लेख लवकर लागेल. डॉक्टरांना छापून यायची घाई, त्यांनी निमूट जोडले. मोडक्या खुब्याच्या लेखात गजकर्ण शिरलं आणि गजकर्णाच्या लेखात खुबा. आकडा असा चढला की मॅडमनी ढोकळा मागवला.

ढोकळा पचायच्या आत आकडे काढणाऱ्या परदेशी संस्थेने ही अदलाबदल पकडली आणि दोन्ही मासिकं यादीतून हाकलली. "खुब्याला गजकर्ण होतं का रे?" मॅडम कडाडल्या. बुद्धरत्नला रडूच फुटलं. त्याने सगळं कबूल केलं, फक्त रश्मीचं नाव गिळलं. खुर्ची गेली.

शेवटी ओंकारनेच त्याला दुकानात घेतलं. तिथे हा गुन्हा नव्हता, धंदा होता. पहिल्या दिवशी दारावर फ्लेक्स झळकला, 'बुद्धरत्नभाऊंचे हार्दिक स्वागत'. खाली शुभेच्छुकांत रश्मीचा फोटो.

"हा तू मागितलास?"

"न्हाई राव. तुझी चौकशी करत गाळ्यावर आली व्हती. फ्लेक्सचं कळलं तसा तिनंच धाडला."

बुद्धरत्न बघतच राहिला. इतकी वर्षं मासिकात घालवली, पण न मागता स्वतःला मिळालेला हवाला तो पहिल्यांदाच बघत होता.